देवीच्या माळावरील दीपमाळा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत गावच्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या देवीच्या माळावरील दीपमाळा.

श्रीकमलाभवानीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली उभारले. निंबाळकर हे निजामाच्या पदरचे मातबर सरदार. तुळजापूरच्या भवानीचे हे दुसरे ठाणे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. येथील ९६ पायऱ्यांची बारव आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. दीपमाळांकडे मात्र क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुढे जातो.

गाभारा देवीचा, पण दीपमाळ साऱ्या मुलखाची. तिचा उजेड आत बसलेल्या भक्तापेक्षा दुरून येणाऱ्या वाटसरूच्या अधिक उपयोगी. करमाळा हे पूर्वी वाटांचे गाव होते. अहमदनगरहून सोलापूरकडे आणि बालाघाटातून पुण्याकडे जाणारा माल येथून जाई. पुढे रेल्वे जेऊरवरून गेली आणि त्यातला पुष्कळसा व्यापार तिकडे वळला. वाटा बदलल्या, दीपमाळा जागच्या हलल्या नाहीत.

इंग्लंडातील जुन्या गावांत असाच एक दगडी स्तंभ बाजाराच्या चौकात असे. त्यावर क्रूस, आणि भोवती बाजार. विंचेस्टर शहरातील अशा पंधराव्या शतकातील स्तंभाखाली लोणी विकले जाई, म्हणून त्याला लोण्याचा क्रूस हेच नाव पडले. १७७० साली नगरसभेने तो एका धनिकाला विकून टाकला. त्याची माणसे स्तंभ उतरवायला आली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना हात लावू दिला नाही. तो आजही तेथेच उभा आहे. कागद नगरसभेपाशी होता, पण स्तंभ ज्यांच्या रोजच्या वावरातला होता त्यांनी तो राखला.

भगिनींनो, आपल्या दीपमाळांचेही तसेच आहे. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. परंतु दगड एकदाच रचावा लागतो, वात दरवर्षी वळावी लागते. त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे वातींचा त्रिपूर लावायचा, तर आधी कितीतरी दुपारी कापूस पिंजून वाती वळाव्या लागतात. हे काम पिढ्यान् पिढ्या घरोघरच्या बायकांनी केले. त्यांची नावे कोठल्याही शिलालेखात नाहीत. त्यांच्या हातांवाचून मात्र दीपमाळ म्हणजे नुसता उंच दगड!

म्हणून माझे दोन शब्द. कार्तिकी यात्रेच्या रोषणाईसाठी कोणी दगडांच्या सांध्यांत खिळे ठोकू लागला किंवा तेलकट रंग फासू लागला, तर आपण गोडीने पण ठामपणे थांबवावे. आणि येत्या त्रिपुरीला प्रत्येकीने आपल्या लेकीसुनेला जवळ बसवून थोड्या तरी वाती वळायला शिकवाव्यात. दीपमाळा राखण्याचे काम एकट्या पुजाऱ्यांचे नाही, ते आपलेही आहे.