बारा सेकंदांची साक्ष

अमेरिकेंतील किटी हॉकजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर १७ डिसेंबर १९०३ रोजीं ऑर्व्हिल राइट यानें आपला कॅमेरा तिवईवर रोखून ठेविला आणि मग तो विमानावर चढला. कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबण्याचें काम जॉन डॅनियल्स या जीवरक्षक केंद्रांतील कामगाराकडे होतें. विमान १२ सेकंदांत १२० फूट गेलें. राइट बंधूंखेरीज प्रेक्षक अवघे पांच! त्याच दिवशीं वाऱ्यानें उलटणारें विमान धरूं जातां डॅनियल्स जखमी झाला. कांच घरीं, डेटन येथें, धुतल्यावर उड्डाणाचा तो क्षण प्रकटला. १९१३ च्या महापुरांत ती कांच बुडाली. परंतु तिचा एक कोपराच काय तो बिघडला. पांच जणांनीं पाहिलेलें तें उड्डाण आज सारें जग पाहूं शकतें, तें या एका कांचेमुळें.