टाके घातलेली होडी

“होडीसुद्धा शिवतात बरं का,” असे आजोबांनी सांगितले, तेव्हा मी पोटभर हसलो होतो. कपडा शिवावा, गोधडी शिवावी. होडी कशी शिवणार? पुढे वाचनात आले, की अरबी समुद्रावरची कितीतरी जुनी गलबते शिवलेलीच असत. फळ्यांना भोके पाडायची आणि काथ्याने त्या घट्ट आवळायच्या. खिळ्यांचे काम नाही.

अशीच युक्ती १९६३ साली इंग्लंडात निराळ्या वेषात अवतरली. शिडाची होडी म्हणजे तोवर बहुतांशी पैसेवाल्यांची हौस. ‘डेली मिरर’ या कामकरी वर्गाच्या वृत्तपत्राने ती घरोघर नेण्याचे मनावर घेतले. दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे जाणते रचनाकार जॅक होल्ट यांनी १० फूट १० इंच लांबीची ‘मिरर’ सिद्ध केली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग! प्लायवुडचे तुकडे कापूनच मिळत. घरी तांब्याच्या तारेने त्यांना टाके घालायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. डोलकाठी मुद्दाम आखूड. तिच्यावर दुसरी काठी चढविली की तांबडे शीड उंच जाई. उतरविल्यावर दोन्ही काठ्या होडीतच मावत आणि होडी मोटारीच्या टपावर! अशा ७०,०००हून अधिक होड्या झाल्या.

२०२५ साली गोव्यात ‘कौण्डिण्य’ हे काथ्याने शिवलेले जहाज पाण्यात उतरले. अजिंठ्याच्या एका चित्रावरून बेतलेले. त्याचे छायाचित्र मी कितीतरी वेळ पाहत बसलो. आजोबा आज हवे होते. माझे ते हसणे तेवढे परत घ्यायचे राहून गेले.