खोताच्या वाडीतील पाहुणे

सारावसुलीच्या वतनावरून ज्यांना खोत हे नाव पडले, त्या दादोबा वामन खोत नामक पाठारे प्रभू गृहस्थाने कंपनी सरकारच्या अमदानीत गिरगावातील आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजातील कुटुंबांस दिले आणि लाकडी जिने, कौलारू छपरे व गल्लीकडे उघडणारे व्हरांडे यांची वसाहत तेथे उभी राहिली. पूर्वीच्या सुमारे 65 घरांपैकी आज निम्मीही शिल्लक नाहीत; बाकीच्यांची जागा बहुतांशी उंच इमारतींनी घेतली. उरलेली घरे पाहावयास जो प्रवासी येतो, तो ज्याला देखावा समजतो ती कोणाची तरी दुपारच्या विसाव्याची जागा असते. विचारल्यावाचून तेथे छायाचित्र काढणे ही, माझ्या मते, सभ्य वेषातील घुसखोरीच होय. याउलट रहिवाशाच्याच सोबतीने वाडी हिंडावी, मोल देऊन त्याच्याच घरी जेवावे, म्हणजे निदान कौले शाकारण्यास चार पैसे वाडीतच राहतील. वाचकहो, जाल तेव्हा आवाज हळू ठेवा.