ख्रिस्तपुराणाची कुळकथा

पोर्तुगीजांनी १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे गोव्याचे दोन महाल ताब्यात घेतले. तिथल्या माणसाला देवधर्माची ओळख व्हायची ती मुख्यतः कानांनी. देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर पोथी लागायची, ओव्या म्हटल्या जायच्या, अर्थ सांगितला जायचा. १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा राजादेश निघाला, १५६० मध्ये धर्मन्यायालय आलं आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळं जाळली गेली. ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. धर्म बदलला, तरी ऐकायची भूक तशीच राहिली. ख्रिस्तपुराण या भुकेतून जन्माला आलं.

हे खुद्द ग्रंथातच लिहिलेलं आहे. सुरुवातीच्या भागात एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्री गुरूला विचारतो: आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरं पुराण का देत नाही? माझ्या मते मराठी वाङ्मयातला हा फार धीट प्रश्न आहे. आपलं काय हिरावलं गेलं हे तो माणूस सत्तेच्या माणसाला तोंडावर सांगतो, आणि कवी ते खोडत नाही, ओवीबद्ध करून ठेवतो.

कवी होता फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशायरमधला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यात कॅथलिक असणं म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होतं. त्याच्या जवळच्या मित्राने, थॉमस पाउंडने, श्रद्धेपायी जवळपास तीस वर्षं कोठडीत काढली. स्टीफन्स रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो बहुतेक साष्टीतच राहिला. सर्व राष्ट्रांना शिष्य करा, ही ख्रिस्ताची अखेरची आज्ञा त्याने मनापासून मानली होती. त्याच्या सचोटीबद्दल मला शंका नाही.

त्या आज्ञेचं गावागावांत काय होत होतं, हे त्याने जवळून पाहिलं. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांत रुदोल्फ आक्वाविवा होता, थोड्याच काळापूर्वी अकबराच्या दरबारातून परतलेला. ती प्रेतं मिळवून त्यांचं दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होता. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. तलवारीच्या आधाराने बसवलेला धर्म लोकांच्या मनात आपोआप उतरत नाही, हे त्या मातीत राहणाऱ्याला कळल्यावाचून राहिलं नसेल.

त्याने उत्तर म्हणून जे केलं, ते तंत्र म्हणून बघावं. त्याने बायबलचं भाषांतर केलं नाही. बायबलची कथा पुराणाच्या साच्यात ओतली. आरंभी नमन. मग ओवी: तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत साऱ्यांनी घडवलेला हा छंद श्रोत्यांच्या अंगी मुरलेला होता. एकनाथ तर स्टीफन्सचे समकालीनच. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अध्यायाला त्याने ‘अवस्वरू’ म्हटलं आणि स्वर्गाला वैकुंठ. जवळपास अकरा हजार ओव्या झाल्या. निव्वळ मराठी साष्टीच्या साध्या माणसाला जड जाईल म्हणून त्यात इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असं तो प्रस्तावनेत सांगतो. ऐकणाऱ्याची इतकी काळजी घेणारा लेखक मला आदरणीय वाटतो, मग त्याचा हेतू धर्मप्रसाराचा का असेना.

ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला, पण रोमन लिपीत. देवनागरी खिळे पाडायची त्याची धडपड होती. १६०८ मध्ये त्याने जेझुइटांच्या मुख्याला, म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फच्याच काकांना, पत्र लिहून ती परवानगी मागितली. अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात, ते दोनशेवर आणता येतील असा हिशेबही मांडला. ते जमलं नाही. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उरलेली नाही.

तरी ग्रंथ जगला तो चर्चमधल्या वाचनामुळे आणि हस्तलिखितांमुळे. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तोही या ओव्यांना पुसू शकला नाही. गोवा सोडून दक्षिण कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी प्रती सोबत नेल्या. पुढे टिपू सुलतानाने त्यांच्या वंशजांना श्रीरंगपट्टणला कैदेत ठेवलं, तेव्हा त्यांनी याच ओव्यांचा आधार घेतला, अशी तिथली परंपरा सांगते. तिथल्याच घरांतल्या पोथ्या जुळवून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन आवृत्ती काढली. पुढे लंडनच्या मार्सडन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडलं. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली.

मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या तेवढ्या आपण या ग्रंथातून उचलतो आणि परदेशी माणसाने आपल्या भाषेचं कौतुक केलं म्हणून सुखावतो. एवढ्यावर थांबणं अन्याय आहे, स्टीफन्सवरही आणि साष्टीच्या लोकांवरही. एका बाजूला बंदी आणि जाळपोळ, दुसऱ्या बाजूला भाषेवरचं निखळ प्रेम. दोन्ही एकाच घराण्यातून आली आणि एकीशिवाय दुसरीची हकिगत खोटी ठरते. ग्रंथालयात ख्रिस्तपुराण मागा, वेच्यापुरतं नको, सबंध; आणि त्याच आठवड्यात कुंकळ्ळीचा इतिहासही वाचा.