पुरानंतर जनावरांच्या छावणीत मदतीला जायचंय? आधी हे वाचा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीत पाणी घरात शिरलं, तरी अनेक जण घर सोडायला तयार नव्हते. कारण एकच, गोठ्यातली जनावरं. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळातही पाळीव प्राण्यांपायी लोक मागे थांबले. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदाच झाला की, आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. म्हणजे जनावरांची सोय झाली की माणसंही वेळेत बाहेर पडतात.

एवढं महत्त्व का?

चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत लाखाच्या घरात जाते. आपत्तीत ती दगावली तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार मदत मिळते ३७,५०० रुपये. वाचलेलं जनावर छावणीत दगावलं, तर त्या घराचं रोजचं उत्पन्नच थांबतं.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

चपात्या, भात, ब्रेड खाऊ घालणं. माणसांसाठी आलेलं अन्न उरलं की ते जनावरांपुढे टाकलं जातं. पण गाय-म्हैस, शेळी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. उपाशी पोटी असं अन्न किंवा धान्य जास्त गेलं, तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. आधी स्वच्छ पाणी द्या, मग थोडा-थोडा कोरडा चारा. भिजून बुरशी आलेला चारा कितीही टंचाई असली तरी देऊ नका.

स्वयंसेवकाला काम काय असतं?

शेण काढणं, पाणी भरणं, चारा वाटणं आणि नोंदी ठेवणं. यातलं नोंदीचं काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, रंग, शिंगं, खुणा आणि कुठून आणलं हे लिहून फोटो काढा. मालक शोधत आला की हीच वही कामी येते.

लाळ गळणारं, लंगडणारं किंवा ताप असलेलं जनावर दिसलं तर लगेच वेगळं बांधायला सांगा. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प गर्दीत झपाट्याने पसरतात. इंजेक्शन, औषध मात्र पशुवैद्यकानेच द्यायचं. महाराष्ट्रात त्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

स्वतःची काळजी

पुराच्या पाण्यात उंदरांचं, जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. म्हणून गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना छावणीत काम केल्याचं आवर्जून सांगा. कुत्रा-मांजर चावलं तर जखम साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

जाण्यापूर्वी

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तहसील कार्यालयात फोन करून गरज विचारा. बऱ्याचदा चारा येतो, पण टब, दोर, ताडपत्री आणि रात्री थांबणारी माणसं कमी पडतात. पहिल्या दोन दिवसांत गर्दी असते, आठवड्याने कुणी नसतं. जमलं तर तेव्हा जा.