साथरोग, प्रवासबंदी आणि प्रवासभाड्याचा परतावा : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

साथरोगाच्या इतिहासलेखनात रोगाचा प्रसार, मृत्यूंची संख्या, औषधोपचार आणि शासनाचे निर्बंध यांची नोंद विस्ताराने होते. प्रवास थांबल्याचीही नोंद होते. मात्र त्या प्रवासासाठी आगाऊ भरलेल्या पैशांचे पुढे काय झाले, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. ज्या प्रदेशातील कुटुंबांची उपजीविकाच दूरच्या नोकरीवर अवलंबून आहे, तेथे हा प्रश्न गौण मानता येत नाही. २०२० च्या कोरोना साथीत विमान कंपन्यांनी रद्द उड्डाणांचे भाडे रोखीने परत न करता 'क्रेडिट शेल' म्हणून स्वतःकडेच ठेवले. क्रेडिट शेल म्हणजे पुढील प्रवासासाठी प्रवाशाच्या नावे कंपनीकडे जमा राहिलेली रक्कम. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या संदर्भात या घटनेचा अर्थ लावणे आणि १८९७ च्या प्रवासबंदीशी तिची तुलना करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. परिसर आणि स्थलांतराची परंपरा

सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले महाड ही घाटमाथा आणि समुद्र यांना जोडणारी जुनी बाजारपेठ होय. वरंध घाटातून आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटातून देशावरचा माल खाली उतरत असे व सावित्रीच्या खाडीने बाणकोटमार्गे समुद्राकडे जात असे. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद होई, म्हणजे प्रवासातील खंड हा या परिसराला निसर्गक्रमानेच परिचित होता. पुढे मुंबई-गोवा महामार्ग, राज्य परिवहनाची एस.टी. आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांनी प्रवासाचे स्वरूप पालटले. महाड तालुक्यातील वीर हे या रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. पोलादपूर तालुक्याला मात्र आजही प्रामुख्याने रस्त्यावरच विसंबावे लागते.

या डोंगराळ भागातील शेतीचे उत्पन्न मर्यादित असल्याने मुंबईची चाकरी हा येथील कुटुंबांचा आधार ठरला. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत मनुष्यबळाची मागणी निर्माण झाली. तेव्हापासून महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील, विशेषतः कोकणी मुस्लिम समाजातील, अनेक जण कुवेत, सौदी अरेबिया, कतार व संयुक्त अरब अमिरातीत गेले. त्यामुळे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरील मुंबईचा विमानतळ हा महाडच्या अर्थजीवनाचा भाग बनला. रायगड जिल्ह्यातच असलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. साथीच्या काळात ती सोय नव्हती.

या प्रवासाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. आखातात काम करणाऱ्या माणसाचे तिकीट रजा, व्हिसाची मुदत आणि कामाचा करार या तीन तारखांना बांधलेले असते. हौशी पर्यटक सहल पुढे ढकलू शकतो. व्हिसाची मुदत संपत आलेल्या कामगाराला ती मोकळीक नसते.

२. १८९७ ची प्रवासबंदी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. याच सुमारास व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांबरोबर प्लेग मक्केत आणि तेथून युरोपात पोहोचेल, ही युरोपीय राष्ट्रांची मुख्य भीती होती. या दबावाखाली हिंदुस्थान सरकारने १८९७ च्या हंगामात मुंबई बंदरातून हजयात्रेकरूंची वाहतूक थांबवली.

यात्रेकरूंच्या भाड्याचा प्रश्न त्यापूर्वीही सरकारपुढे होताच. गर्दीने भरलेली जहाजे, दलालांची मनमानी आणि परतीच्या भाड्याअभावी जेद्दाह येथे अडकून पडणारे निर्धन यात्रेकरू यांविषयी तक्रारी होत्या. त्यांवर उपाय म्हणून १८८६ मध्ये थॉमस कुक या कंपनीकडे यात्रेची व्यवस्था सोपवण्यात आली. हा प्रयोग १८९३ मध्ये संपला. १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९२५ च्या दुरुस्तीने यात्रेकरूने परतीचे तिकीट घ्यावे किंवा परतीच्या भाड्याइतकी रक्कम अनामत ठेवावी, असे बंधन आले.

या घटनाक्रमातून एक सूत्र हाती लागते. जहाज कंपनीला आगाऊ दिलेले भाडे हा केवळ दोन पक्षांमधील व्यवहार नसून त्यात शासनाचे दायित्व आहे, ही जाणीव हळूहळू रुजत गेली. 'अनामत' या शब्दातच परतफेडीचे बंधन अंतर्भूत आहे, कारण ती रक्कम ठेवून घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही.

३. २०२० ची हवाईबंदी आणि क्रेडिट शेल

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. ते दुबईच्या सहलीहून परतले होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू केला. आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे २२ मार्चनंतर थांबली आणि २५ मार्चपासून देशांतर्गत उड्डाणेही बंद झाली. देशांतर्गत सेवा २५ मे २०२० रोजी मर्यादित स्वरूपात सुरू झाली, तर नियमित आंतरराष्ट्रीय सेवेला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला.

उड्डाणे कंपन्यांनी स्वेच्छेने रद्द केली नव्हती, आणि प्रवाशांनीही नाही. अशा स्थितीत भारतीय करार कायदा, १८७२ मधील दोन कलमे महत्त्वाची ठरतात. कलम ५६ नुसार करारातील कृत्य नंतर अशक्य वा बेकायदेशीर झाल्यास करार शून्यवत होतो; आणि कलम ६५ नुसार अशा करारान्वये लाभ मिळालेल्या पक्षाने तो लाभ परत करावयाचा असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही, परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हा निर्णय प्रवाशाचा असेल, असे नमूद होते. म्हणजे तत्त्वतः प्रश्न सुटलेलाच होता.

प्रत्यक्षात उत्पन्न पूर्णपणे थांबलेल्या कंपन्यांकडे रोकड टिकवण्याची निकड होती. विमानांचे भाडे, वेतन आणि देखभाल यांचा खर्च चालूच होता. भविष्यातील प्रवासापोटी मिळालेली रक्कम आधीच चालू खर्चात वापरली जाणे हे या व्यवसायाचे नेहमीचे स्वरूप आहे. परिणामी अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी क्रेडिट शेल देण्यास आरंभ केला. १६ एप्रिल २०२० रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या ज्ञापनाने पूर्ण परताव्याचा लाभ प्रामुख्याने २५ मार्च ते १४ एप्रिल या टाळेबंदीच्या काळात तिकीट काढणाऱ्यांपुरता ठेवला. टाळेबंदीपूर्वीच तिकीट काढलेले प्रवासी त्यातून वगळले गेले. उन्हाळ्याच्या रजेसाठी वा सणासाठी महिनोन्‌महिने आधी तिकीट काढणारा नोकरदार नेमका याच वर्गात मोडत होता.

४. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या व इतर याचिकांवर न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत करावेत, असे ठरले. त्याआधी काढलेल्या व २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या देशांतर्गत तिकिटांबाबत कंपन्यांनी १५ दिवसांत परतावा देण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. आर्थिक अडचणीमुळे ते शक्य नसल्यास ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट शेल द्यावे, अशी व्यवस्था झाली. हे क्रेडिट कोणत्याही मार्गावर वापरण्याची व दुसऱ्या व्यक्तीस हस्तांतरित करण्याची मुभा मिळाली. न वापरलेली रक्कम मुदतीअखेर रोखीने परत करावयाची होती.

रकमेत वाढही ठरवण्यात आली : रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा ०.५ टक्के आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा ०.७५ टक्के. समजा, २०,००० रुपयांचे तिकीट १ एप्रिल २०२० रोजी रद्द झाले, तर पहिल्या तीन महिन्यांचे ३०० आणि पुढील नऊ महिन्यांचे १,३५० मिळून प्रवाशाची जमा २१,६५० रुपये होते. या तरतुदीचे महत्त्व रकमेपेक्षा तत्त्वात अधिक आहे. न्यायालयाने वाढ मान्य केली, याचा अर्थ कंपनीकडे राहिलेले भाडे हे प्रवाशाने दिलेले एक प्रकारचे कर्ज आहे, हे अप्रत्यक्षपणे मान्य झाले. मात्र हे कर्ज धनकोच्या इच्छेविना घेतलेले होते.

५. परताव्याच्या तीन पद्धती

एकाच साथीत, एकाच देशात प्रवासभाड्याच्या परताव्याच्या तीन वेगळ्या पद्धती दिसून आल्या. रेल्वेने रद्द गाड्यांचे पूर्ण भाडे परत केले. ऑनलाइन तिकिटांचे पैसे आपोआप खात्यात जमा झाले, तर खिडकीवरील तिकिटांसाठी परताव्याची मुदत वाढवण्यात आली. जून २०२० मध्ये सौदी अरेबियाने परदेशी यात्रेकरूंना हजसाठी प्रवेश नाकारला. तेव्हा भारतातील सुमारे २ लाख १३ हजार अर्जदारांची रक्कम कोणतीही कपात न करता थेट बँक खात्यात परत करण्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. हवाई प्रवाशाला मात्र क्रेडिट शेलवर समाधान मानावे लागले.

महाडमधील एखाद्या कुटुंबाने वीरहून रेल्वेचे आरक्षण केले असेल, घरातील वडीलधाऱ्यांनी हजसाठी पैसे भरले असतील आणि मुलाचे कुवेतचे तिकीट काढलेले असेल, तर त्या एकाच कुटुंबाला तीन ठिकाणी तीन प्रकारची वागणूक मिळाली असती. पहिल्या दोन व्यवहारांत पैसा शासकीय यंत्रणेकडे होता व तो परत आला. तिसऱ्यात तो खाजगी कंपनीच्या चालू खर्चात मिसळला होता.

६. परिसरावरील परिणामांचे स्वरूप

क्रेडिट शेलची उपयुक्तता मार्ग खुला होण्यावर अवलंबून होती. कुवेतने १ ऑगस्ट २०२० पासून व्यापारी उड्डाणे सुरू केली, पण भारतासह ३१ देशांतून थेट येण्यास बंदी घातली. कामावर परतू इच्छिणाऱ्यास तिसऱ्या देशात १४ दिवस राहून पुढे जावे लागे व त्याचा खर्च स्वतःच सोसावा लागे. सप्टेंबर २०२० मध्ये सौदी अरेबियानेही भारताशी होणारी प्रवासी वाहतूक थांबवली. ७ मे २०२० रोजी सुरू झालेल्या 'वंदे भारत' मोहिमेतून मायदेशी येणाऱ्यांनाही नवे भाडे भरावे लागले. एका कंपनीकडील जमा रक्कम दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालत नव्हती. म्हणजे पैसा नावावर होता, पण गरजेच्या वेळी हाती नव्हता.

दुसरा प्रश्न मध्यस्थाचा होता. गावातील अनेक प्रवासी तालुक्याच्या बाजारपेठेतील ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट काढतात. अशा व्यवहारात परतावा कंपनीकडून एजंटच्या खात्यात व तेथून प्रवाशाकडे येतो. न्यायालयाने एजंटने ही रक्कम तत्काळ प्रवाशास द्यावी असे बजावले, तरी या साखळीतील विलंबाचा भार शेवटच्या माणसावरच पडतो. मोठ्या ऑनलाइन संस्थाही याला अपवाद नव्हत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या आदेशानुसार, यात्रा या संकेतस्थळाकडे २०२१ मध्ये ३६,२७६ आरक्षणांचे २६ कोटी २५ लाखांहून अधिक रुपये थकीत होते. जून २०२४ मध्येही ४,८३७ आरक्षणांचे सुमारे अडीच कोटी रुपये देणे बाकी होते.

रोख रकमेची निकड समजण्यासाठी या परिसरातील त्या काळचा घटनाक्रम पाहावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील घरे, बागा व वीजवाहिन्या उद्ध्वस्त केल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधील तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर महापुरात बुडाले; त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. उडालेले छप्पर पुन्हा घालण्यासाठी वा चिखलाने भरलेले दुकान उभे करण्यासाठी पुढील वर्षीच्या विमानप्रवासाचे क्रेडिट उपयोगी पडत नाही. संपन्न प्रवाशाला हा विलंब केवळ गैरसोयीचा वाटतो. आपद्‌ग्रस्त कुटुंबाला तोच सावकाराच्या दारी नेऊ शकतो.

७. जागतिक संदर्भ

हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नव्हता. अमेरिकेच्या परिवहन विभागाने ३ एप्रिल २०२० रोजीच रद्द उड्डाणांचे भाडे परत करण्याचे कंपन्यांचे दायित्व कायम असल्याचे स्पष्ट केले. युरोपीय आयोगाने मे २०२० मध्ये व्हाउचर आकर्षक करण्याची शिफारस केली, परंतु ते स्वीकारणे प्रवाशाच्या इच्छेवर ठेवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने सहा विमान कंपन्यांवर केलेल्या कारवाईत एअर इंडियाचाही समावेश होता. तिला १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे व १४ लाख डॉलरचा दंड द्यावा लागला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्येही संचार थांबवण्यासाठी पुरेसा ठरला, पण थांबलेल्या प्रवासाच्या पैशांविषयी त्यात कोणतीही तरतूद नाही. दुसरी, कलम ६५ सारखी स्पष्ट तत्त्वे उपलब्ध असूनही आगाऊ भाड्याला अनामतीचा दर्जा न मिळाल्याने प्रवाशाला न्यायालयाची वाट पाहावी लागली. तिसरी, क्रेडिट शेलमधील धोका केवळ विलंबाचा नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपन्यांची सेवा बंद पडली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेले प्रवासी असुरक्षित धनकोंच्या रांगेत उभे राहिले. कंपनी टिकली तरच जमा टिकते, हा धडा त्यातून मिळतो.

यात्रेकरूंच्या परतीच्या भाड्याची स्वतंत्र व्यवस्था असावी, हे तत्त्व १९२५ मध्ये आगबोटींच्या बाबतीत कायद्याने स्वीकारले गेले होते. प्रवास होईपर्यंत भाड्याची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन हवाई वाहतुकीलाही लागू झाले, तर पुढील साथीत महाड-पोलादपूरच्या प्रवाशाला आपल्याच पैशांसाठी तिष्ठत राहावे लागणार नाही. साथ कधी येईल हे कोणाच्या हाती नाही. परंतु तिचा आर्थिक भार कोणी उचलावा, हे ठरवणे निश्चितच समाजाच्या हाती आहे.