दोरी, खुंट्या आणि उपग्रह

पाऊस कमी पडला की पंचनाम्याशिवाय भरपाई, ही कल्पना उपग्रहांच्या काळातली वाटते. प्रत्यक्षात ती शंभर वर्षं जुनी आहे. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली शेतीविम्यावर पुस्तक लिहिलं. शेत बघायला कुणी जायचंच नाही. पर्जन्यमापकातला आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पैसे द्यायचे, असा त्यांचा हिशेब. 1870 ते 1914 या काळातल्या पावसाच्या नोंदींवर त्यांनी तो पडताळूनही पाहिला.

स्वतंत्र भारताने मात्र उलटी वाट धरली. 1972मध्ये गुजरातेत एच-4 वाणाच्या कापसापासून सुरू झालेल्या विम्यात ज्याच्या त्याच्या शेतातलं नुकसान वेगळं मोजलं जाई. 1978पर्यंत शेतकरी जमले 3,110. हप्ता आला 4.54 लाख रुपये, भरपाई गेली 37.88 लाख. असं दुकान कोण किती दिवस चालवणार!

तोडगा पुण्याहून आला. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर म्हणाले, एकेका शेताचा नाद सोडा. सबंध परिसराचं सरासरी उत्पादन घसरलं की तिथल्या सगळ्या विमेदारांना सारख्याच प्रमाणात द्या. 1979ची प्रायोगिक योजना आणि 1985ची सर्वंकष योजना याच पायावर उभ्या राहिल्या. 'उंबरठा उत्पादन' (ज्या पातळीखाली सरासरी घसरली की भरपाई मिळते ती) हा आज गावोगावी ऐकू येणारा शब्दही त्याच हिशेबातला.

ही सरासरी काढायची पीक कापणी प्रयोगातून. चिठ्ठी काढल्यासारखं शेत निवडायचं, खुंट्या ठोकून दोरी ताणायची, सोयाबीन असेल तर साधारण 10 बाय 5 मीटरचा तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. या पद्धतीची शास्त्रीय घडी 1940च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी बसवली. तुकडा फार लहान नको, हा सुखात्म्यांचा आग्रह. कारण दोरीवरची रोपं हळूच आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. फुगलेल्या त्या चार मुठी अख्ख्या महसूल मंडळाची भरपाई खाऊ शकतात.

2003मध्ये पर्जन्यमापक परतला. महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीच्या सुमारे 230 शेतकऱ्यांनी पावसावर बेतलेला विमा घेतला. सोबत त्याची मूळ अडचणही आली: सर मापकावर पडते, शेजारचं शिवार कोरडं राहतं.

उपग्रह कुठलंच शिवार वगळत नाही. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या फरकावरून पिकाची तब्येत कळते. पण तणही हिरवंच असतं, आणि ऐन खरिपात आभाळ भरलेलं. म्हणून ढगांपार पाहणारे रडार उपग्रह जोडीला घेतात. 2023पासून भात आणि गव्हाच्या पीकविम्यात उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाला 30 टक्के वजन मिळालं.

उरलेलं वजन अजून दोरी-खुंट्यांचंच आहे. फरक इतकाच, की आता तुकडा कापताना त्याचा फोटो अक्षांश-रेखांशासकट मोबाइलवरून चढवावा लागतो.